समुद्री मत्स्यटाकीतील आजारी आणि जखमी मासा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

समुद्री मासे घरी पाळणाऱ्यांकडून येणाऱ्या प्रश्नांपैकी निम्म्याहून अधिक प्रश्न एकाच वाक्यात संपतात : 'मासा आजारी आहे, कोणते औषध टाकू?' या वाक्याला उत्तर देता येत नाही, कारण एका रोगावर चालणारे औषध दुसऱ्या रोगात निरुपयोगी ठरते आणि कित्येकदा औषधानेच मासा दगावतो. पुढील उत्तरे खाऱ्या पाण्यातील माशांपुरतीच आहेत. गप्पी, गोल्डफिश किंवा गोड्या पाण्यातील एंजलफिश यांच्याबाबतचा अनुभव येथे जसाच्या तसा लागू करू नये.

१. मासा खरोखर आजारी आहे, की नुसताच बुजला आहे, हे कसे ओळखावे?

नव्याने आणलेला मासा दोन-तीन दिवस दगडाआड दडून बसला, किंवा रात्री दिवा लावल्यावर त्याचा रंग फिका आणि डागाळ दिसला, तर ते आजाराचे लक्षण नव्हे. काही रास मासे रात्री वाळूत शिरतात आणि पाळणारा सकाळपर्यंत त्यांना शोधत बसतो. आजाराची खूण प्रथम कल्ल्यांत शोधावी. एका मिनिटात कल्ल्यांची किती वेळा उघडझाप होते ते मोजावे आणि त्याच जातीच्या, तेवढ्याच आकाराच्या निरोगी माशाशी ताडून पाहावे. श्वास जलद असणे, एकच कल्ला हलणे, पर अंगाशी मिटलेले असणे, दगडावर किंवा वाळूवर अंग घासणे, पंपाच्या झोतात तासन्तास उभे राहणे आणि काल आवडीने खाल्लेले अन्न आज तोंडाशी आले तरी सोडून देणे, यांपैकी दोन गोष्टी एकत्र दिसल्या तर पुढील प्रश्नाकडे वळावे.

२. लक्षणे दिसली. पहिल्या तासाभरात काय करू?

प्रथम पाणी तपासावे. तापमान, क्षारता, पीएच आणि अमोनिया या चार गोष्टी मोजल्याशिवाय औषधाची बाटली उघडू नये. समुद्री टाकीचा पीएच ८.१ ते ८.४ असतो आणि एवढ्या पीएचला अमोनियाचा विषारी अंश गोड्या पाण्याच्या टाकीपेक्षा बराच अधिक असतो. त्यामुळे अमोनियाच्या चाचणी संचातील रंग किंचित जरी बदलला तरी पाव भाग पाणी बदलणे योग्य ठरते. नवे पाणी तापमान आणि क्षारता जुळवूनच घालावे.

सगळे मासे एकाच वेळी धापा टाकत असतील तर संशय रोगापेक्षा पाण्यावर घ्यावा. २५ अंश सेल्सियसला गोड्या पाण्यात दर लिटरला सुमारे ८ मिलीग्रॅम प्राणवायू मावतो, तर समुद्राच्या पाण्यात पावणेसातच्या आसपास, आणि पाणी तापत जाईल तसा तो आणखी घटतो. मे महिन्यात वीज गेल्यावर अर्ध्या तासात मासे पृष्ठभागावर येतात ते यामुळेच. बॅटरीवर चालणारा एअर पंप लावावा, झाकण काढावे आणि मग लक्षणे उतरतात का ते पाहावे.

मुंबई आणि कोकण किनाऱ्यावरील काही जण समुद्राचे पाणी भरून आणतात. पावसाळ्यात किनाऱ्याजवळच्या पाण्याची क्षारता पावसाने आणि नाल्यांच्या पाण्याने खूप खाली येते, शिवाय त्यात शहराची घाण असते. जून ते ऑक्टोबर या काळात कृत्रिम मिठापासून पाणी तयार करणेच सुरक्षित आहे.

३. औषध मुख्य टाकीतच टाकले तर काय बिघडेल?

बहुतेक वेळा सगळेच बिघडेल. परजीवींवर नेहमी वापरल्या जाणाऱ्या तांब्याने कोळंबी, खेकडे, गोगलगायी, समुद्रफुले आणि प्रवाळ मरतात, फॉर्मालिन या दुसऱ्या औषधाने अमोनिया पचवणाऱ्या जीवाणूंची वसाहत कोलमडते आणि त्यापाठोपाठ अमोनिया चढतो. याशिवाय लाइव्ह रॉक (सूक्ष्मजीव बसलेले समुद्री दगड) आणि वाळू तांबे शोषून घेतात, त्यामुळे पाण्यातील मात्रा रोगजंतू मारण्याइतकी टिकत नाही आणि शोषलेले तांबे पुढे हळूहळू पाण्यात उतरत राहते. प्रवाळांना अपाय न करता पांढरे ठिपके घालवण्याचा दावा करणाऱ्या बाटल्या दुकानांत मिळतात. त्यांवर खर्च करण्याऐवजी त्याच पैशांत एक साधी काचेची टाकी घ्यावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

४. मग रुग्णटाकी कशी लावायची? त्यात काय काय लागते?

लहान माशांसाठी दोन फुटांची टाकी पुरते. टँग किंवा मोठ्या एंजलफिशसाठी तीन फुटांची लागते. त्यात वाळू नको, दगड नको. हीटर, थर्मामीटर, एअर पंपावर चालणारा स्पंज फिल्टर आणि दडण्यासाठी नव्या पीव्हीसी पाइपाचे दोन-तीन तुकडे एवढे पुरे. स्पंज आधीपासून मुख्य टाकीच्या सम्पमध्ये (गाळणीच्या जोडटाकीत) बुडवून ठेवलेला असावा, म्हणजे त्यावर जीवाणू बसलेले असतात. कोरडा स्पंज पहिले काही आठवडे निव्वळ शोभेचा असतो. तोवर अमोनिया रोज मोजावा आणि गरजेप्रमाणे पाणी बदलावे. सक्रिय कोळसा काढून टाकावा, कारण तो औषध शोषतो.

औषधाच्या मात्रेसाठी पाण्याचे खरे आकारमान हवे. टाकीवर लिहिलेला आकडा काचेच्या बाहेरून मोजलेला असतो. आतून ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि पाणी २८ सेंटिमीटरपर्यंत भरलेले असेल, तर पाणी ५० लिटर आणि थोडे अधिक भरते.

५. अंगावर मिठाचे कण शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके आहेत. हा कोणता रोग?

ठिपके सुटे, एकसारख्या आकाराचे आणि मोजता येण्याजोगे असतील, तर तो बहुधा क्रिप्टोकॅरिऑन इरिटान्स या एकपेशीय परजीवीचा प्रादुर्भाव असतो. पावडर ब्लू टँगला तो इतक्या सहज होतो की हा मासा नवशिक्याने घेऊच नये. हा परजीवी माशाच्या कातडीच्या आत साधारण तीन ते सात दिवस पोसतो, मग गळून तळाशी जातो, कवच धारण करतो, आत असंख्य पिल्ले तयार होतात आणि ती बाहेर पडून नवा मासा शोधू लागतात. औषध फक्त या शेवटच्या पोहणाऱ्या अवस्थेला मारते. उपचार प्रश्न ७ मध्ये दिला आहे.

६. ठिपके नाहीत, पण अंगावर बारीक धूळ बसल्यासारखी दिसते. हेही तेच का?

नाही. तिरक्या प्रकाशात सोनेरी किंवा करडी भुकटी दिसणे, प्रकाशापासून दूर जाणे, अतिशय जलद श्वास आणि दिवसा-दोन दिवसांत मृत्यू, ही ॲमिलूडिनियम ओसेलाटम या परजीवीची, म्हणजे मखमली रोगाची लक्षणे आहेत. पुष्कळदा तो आधी कल्ल्यांत बसतो आणि अंगावर काही दिसण्यापूर्वीच मासा मरतो. येथे 'उद्यापर्यंत वाट पाहू' हे परवडत नाही. प्रश्न १० मधील गोड्या पाण्याची बुडी देऊन माशाला त्याच दिवशी रुग्णटाकीत हलवावे आणि तांब्याचा उपचार सुरू करावा. अनुभवी लोक क्लोरोक्विन फॉस्फेटही वापरतात. मात्र भारतात ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारे औषध असल्यामुळे पशुवैद्यकांमार्फतच मिळवावे.

७. तांब्याचा उपचार नेमका कसा करायचा? मोरचूद चालेल का?

शेतीच्या दुकानातील मोरचूद वापरू नये. त्यात इतर धातूंची भेसळ असते. प्रयोगशाळेच्या दर्जाचे कॉपर सल्फेटचे निळे स्फटिक घ्यावेत. लक्ष्य दर लिटरला ०.१५ ते ०.२० मिलीग्रॅम तांबे एवढे असते. शंभर लिटर पाण्यात ०.२० ची पातळी येण्यासाठी सुमारे ७९ मिलीग्रॅम स्फटिक लागतात आणि एवढे वजन घरच्या काट्यावर होत नाही. म्हणून ७.९ ग्रॅम स्फटिक एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात विरघळवून ठेवावेत. या द्रावणाचे १० मिलिलिटर म्हणजे शंभर लिटरची मात्रा. ती एकदम न घालता दोन-तीन दिवसांत विभागून घालावी. बाटलीवर 'विष' असे ठळक लिहून ती मुलांपासून दूर ठेवावी.

समुद्राच्या पाण्यात तांबे कार्बोनेटच्या रूपात साचत जाते, त्यामुळे पातळी आपोआप घसरते. चाचणी संचाने ती रोज सकाळ-संध्याकाळ मोजावी आणि घट भरून काढावी. ०.१५ च्या खाली गेल्यास परजीवी सुटतात, ०.२० च्या फार वर गेल्यास मासा खाणे सोडतो. उपचार सलग चार आठवडे चालवावा. बाजारात मिळणाऱ्या बांधलेल्या (चिलेटेड) तांब्याच्या तयार औषधांची पातळी याहून कित्येक पट अधिक असते. त्यांच्या बाबतीत वरील आकडे विसरून लेबलावरचेच आकडे पाळावेत.

दोन अपवाद लक्षात असू द्यावेत. मँडरिन, पफर आणि काही लहान एंजलफिश तांबे नीट सोसत नाहीत. तसेच अमोनिया बांधणारी द्रावणे तांब्याबरोबर घालू नयेत, कारण त्यांपैकी काहींमुळे तांब्याचे रूप बदलून ते माशाला अधिक विषारी होते. अशा वेळी पाणी बदलणे आणि तेवढ्या पाण्यातील तांबे पुन्हा घालणे हाच मार्ग उरतो.

८. तीन दिवसांत सगळे ठिपके गेले. मासा बरा झाला ना?

हा प्रश्न आम्हांला सर्वाधिक वेळा येतो आणि उत्तर जवळजवळ नेहमी 'नाही' असेच असते. ठिपके गेले याचा अर्थ परजीवी पोसून तळाशी उतरले, एवढाच. एक-दोन आठवड्यांनी ते अनेक पटींनी परततात. मधल्या काळात लसूण चोळलेले अन्न, हळद किंवा एखादी नवी बाटली दिली गेलेली असते आणि श्रेय तिला मिळते. लसणाने काही माशांची भूक वाढत असेल, पण परजीवी मरत नाहीत. हळद आणि कडुलिंब टाकीत घालू नयेत.

काही मासे पुन्हापुन्हा लागण होऊन अर्धवट प्रतिकारशक्ती मिळवतात आणि वर्षानुवर्षे ठणठणीत दिसतात. मात्र त्याच टाकीत नवा मासा सोडला की आठवड्याभरात तो पांढरा होतो.

९. मासे रुग्णटाकीत हलवल्यावर मुख्य टाकीचे काय करायचे?

ती माशांविना चालू ठेवावी. परजीवीला मासा मिळाला नाही तर तो उपाशी मरतो. प्रवाळ आणि कोळंबी यांवर तो जगत नाही. नेहमीच्या तापमानाला बहुतेक कवचे तीन ते अठ्ठावीस दिवसांत फुटतात, तथापि थंड पाण्यात ७२ दिवसांपर्यंत ती टिकल्याची नोंद असल्याने ७६ दिवस टाकी रिकामी ठेवण्याची प्रथा पडली आहे. एकही मासा मागे राहता कामा नये, वाळूतील लहान गोबीसुद्धा नाही. दोन्ही टाक्यांत एकच जाळी, एकच नळी किंवा ओले हात वापरले तर सगळे दिवस वाया जातात.

१०. गोड्या पाण्याची बुडी म्हणजे काय? समुद्री मासा त्यात मरणार नाही का?

योग्य रीतीने दिल्यास तीन ते पाच मिनिटे बहुतेक मासे ती सोसतात. आरओचे पाणी बादलीत घेऊन त्याचे तापमान टाकीएवढे करावे, खाण्याचा सोडा चिमूटचिमूट घालून पीएचही टाकीएवढा करावा आणि अर्धा तास हवा सोडावी. मासा आत गेल्यावर क्षणभर आडवा पडतो, ते पाहून घाबरून जाऊ नये. परंतु तो तोल सावरेनासा झाला किंवा श्वास मंदावला तर तत्काळ बाहेर काढावा.

या बुडीचा खरा उपयोग चपट्या कृमींसाठी होतो. निओबेनेडेनिया जातीचे पारदर्शक कृमी गोड्या पाण्यात पांढरे पडतात आणि तिळाएवढ्या पापुद्र्यांच्या रूपात बादलीच्या तळाशी गळतात. बादली काळी असेल तर ते नीट दिसतात. ते आढळल्यास रुग्णटाकीत दर लिटरला २ ते २.५ मिलीग्रॅम प्राझिक्वांटेल हे कृमिनाशक द्यावे आणि अंड्यांतून निघणाऱ्या पिढीसाठी पाच ते सात दिवसांनी मात्रा पुन्हा द्यावी. मखमली रोगात बुडीने तात्पुरता आराम पडतो. क्रिप्टोकॅरिऑनवर तिचा उपयोग नाही, कारण तो कातडीच्या आत असतो.

११. तांब्याऐवजी क्षारता कमी करून पांढरे ठिपके घालवता येतात का?

येतात, पण मोजमाप काटेकोर हवे. विशिष्ट गुरुत्व (क्षारतेचे माप) दोन दिवसांत हळूहळू १.००९ वर आणून किमान चार आठवडे तेथेच ठेवावे लागते. १.०११ म्हणजे 'जवळजवळ तेवढेच' असे समजणाऱ्यांचा उपचार फसतो. क्षारता मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर प्रमाणित द्रावणाने तपासलेला असावा. तरंगत्या काट्याच्या हायड्रोमीटरवर यासाठी विसंबू नये. पाणी पातळ झाल्याने पीएच घसरतो, त्यावर लक्ष ठेवावे. उपचारानंतर क्षारता वाढवताना मात्र पाच ते सात दिवस घ्यावेत. मखमली रोगावर हा उपाय चालत नाही आणि शार्क, रे तसेच कोणत्याही अपृष्ठवंशी प्राण्यावर तो करू नये.

१२. नव्या क्लाउनफिशच्या अंगावरून पांढरा चिकट थर सुटतो आहे. तांबे देऊ?

देऊ नये. हा बहुधा ब्रुकलिनेला हॉस्टिलिस या परजीवीचा प्रादुर्भाव असतो आणि त्यावर तांब्याचा परिणाम होत नाही. समुद्रातून पकडलेल्या क्लाउनफिशमध्ये तो वारंवार आढळतो. टाकीत पैदास केलेली पिल्ले घेतल्यास हा धोका बराच घटतो. उपचार फॉर्मालिनचा आहे. फॉर्मालिन कर्करोगकारक असून त्याच्या वाफा डोळ्यांना आणि फुप्फुसांना इजा करतात, म्हणून मात्रा उत्पादनाच्या लेबलावरूनच घ्यावी, हातमोजे घालावेत, खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि बुडीच्या भांड्यात जोरात हवा सोडावी, कारण ते पाण्यातील प्राणवायू कमी करते. क्रोमिस माशांच्या अंगावर दिसणारे लालभडक चट्टे युरोनेमा या आणखी एका परजीवीचे असतात. तेथेही तांबे निरुपयोगी असते आणि चट्टे खोल गेले असतील तर मासा वाचण्याची आशा थोडीच असते.

१३. माशाला जखम झाली आहे. लगेच बाहेर काढू का?

प्रत्येक वेळी नाही. फाटलेला पर आणि दोन-चार निघालेले खवले स्वच्छ पाण्यात आपोआप भरून येतात. जाळी घेऊन पाठलाग केल्याने होणारा ताण अशा जखमेपेक्षा घातक असतो. आधी कारण शोधावे. शेपटीचा पर कुरतडलेला असेल तर भांडण, एका बाजूला लांबट चट्टा असेल तर पंपाची जाळी किंवा समुद्रफुलाचा डंख, असा अंदाज बांधता येतो. भांडण असेल तर ज्याने मारले त्याला वेगळे करावे; टाकीतच लटकवता येणारी छिद्रांची पेटी यासाठी उत्तम.

जखमेतून मासे शरीरातील पाणी गमावतात, कारण समुद्राचे पाणी त्यांच्या रक्तापेक्षा सुमारे तिप्पट खारे असते. म्हणून खोल जखम असलेल्या माशाला रुग्णटाकीत किंचित कमी क्षारतेत, १.०२० च्या आसपास, ठेवल्याने आराम पडतो. जखमेच्या कडा लाल होऊन पसरू लागल्या किंवा त्यावर कापसासारखे पुंजके आले, तर जीवाणूंचा संसर्ग गृहीत धरून प्रतिजैविकासाठी पशुवैद्यकांशी बोलावे. उरलेल्या गोळ्या कुटून पाण्यात टाकू नयेत.

टँग जाळीने पकडू नये. शेपटीच्या बुडाशी असलेला सुरीसारखा काटा जाळीत अडकतो आणि सोडवताना मासा तसेच माणसाचा हात, दोन्ही फाटतात. पारदर्शक प्लास्टिकचा डबा वापरावा.

१४. मासा उडी मारून जमिनीवर पडला. वाळल्यासारखा दिसतो, काही उपयोग आहे का?

कल्ले हलत असोत वा नसोत, हात टाकीच्या पाण्यात भिजवून त्याला उचलावे आणि पाण्यात सोडावे. नळाखाली धुऊ नये. अंगाला चिकटलेली धूळ ओढून काढू नये, ती पाण्यात सुटते. पंपाच्या सौम्य झोतासमोर त्याला धरले तर तोंडातून कल्ल्यांवर पाणी जाते. अर्ध्या तासात हालचाल दिसली नाही तर प्रयत्न थांबवावेत.

१५. एक डोळा फुगून बाहेर आला आहे. संसर्ग आहे का?

एकच डोळा फुगला असेल तर बहुतेक वेळा मार लागलेला असतो आणि तो ओसरायला काही आठवडे लागतात. मासा खात असेल तर त्याला मुख्य टाकीतच राहू द्यावे. दोन्ही डोळे एकदम फुगले असतील तर पाणी तपासावे आणि जीवाणूंचा विचार करावा. कातडीवर किंवा परांवर फुलकोबीसारख्या गाठी दिसल्या तर तो लिम्फोसिस्टिस हा विषाणूजन्य विकार असतो. त्यावर औषध नाही, आणि तो बहुधा आपोआप जातो. गाठी कापू नयेत.

१६. आजारी मासा काहीच खात नाही. काय देऊन पाहावे?

जिवंत आर्टेमिया (ब्राइन श्रिंप) बहुतेकांना मोहवतात, परंतु त्यांत पोषण बेताचे असते, म्हणून ते केवळ सुरुवातीसाठी द्यावेत. त्यानंतर गोठवलेले मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव) किंवा बारीक चिरलेली कोळंबी द्यावी. कॉपरबँडसारख्या चोच्या माशासमोर मासळीबाजारातील तिसरी उघडून शिंपल्यासकट ठेवली, तर तो टोचून पाहिल्याशिवाय राहत नाही. ताजी मासळी आधी काही दिवस गोठवून मगच द्यावी, नाहीतर तिच्याबरोबर परजीवी आत येतात. सुका जवळा अतिशय खारवलेला असू शकतो, तो टाळावा. टँगसाठी नोरीचा (वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा) तुकडा क्लिपने काचेला लावावा. न खाल्लेले अन्न दहा मिनिटांत नळीने ओढून काढावे. रुग्णटाकीत तेच अमोनिया बनते.

१७. क्लीनर कोळंबी किंवा क्लीनर रास सोडला तर तो परजीवी खाऊन टाकेल ना?

कातडीच्या आत असलेला क्रिप्टोकॅरिऑन त्यांच्या हाती लागत नाही. क्लीनर रास तर बंद टाकीत बहुधा उपासमारीने मरतो. तो घेऊच नये.

१८. मासा वाचणार नाही हे स्पष्ट आहे. त्याला यातना न होता मृत्यू कसा द्यावा?

शुद्ध लवंग तेल थोड्या कोमट टाकीच्या पाण्यात बाटलीत जोरात हलवून पांढरट करावे आणि मासा असलेल्या छोट्या भांड्यात थोडे थोडे ओतावे. मासा आडवा होऊन स्पर्शालाही प्रतिसाद देईनासा झाला की उरलेले, दर लिटरला किमान अर्धा मिलिलिटर भरेल एवढे, घालावे. कल्ल्यांची हालचाल पूर्ण थांबल्यावरही त्याला दहा मिनिटे तेथेच ठेवावे. जिवंत मासा फ्रीजरमध्ये ठेवणे किंवा शौचालयात सोडणे क्रूर आहे.

मृत माशाची तपासणी करायची असेल तर त्याला बर्फावर ठेवावे, गोठवू नये, कारण गोठल्यावर पेशी फुटतात. वर्सोवा येथील केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्था किंवा रत्नागिरीचे मत्स्य महाविद्यालय येथील तज्ज्ञांना नमुना नेण्यापूर्वी दूरध्वनी करून विचारावे.

१९. सांभाळणे जमत नाही. मासा समुद्रात सोडून दिला तर?

सोडू नये, तो येथल्याच समुद्रातील जातीचा असला तरीही. रोगजंतू दुकानाच्या टाक्यांत देशोदेशीच्या माशांकडून आलेले असतात. फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर १९८५ च्या सुमारास प्रथम दिसलेला हिंद-प्रशांत महासागरातील लायनफिश आज पश्चिम अटलांटिक आणि कॅरिबियनभर पसरला आहे, आणि त्यामागे मत्स्यटाक्यांतून सोडलेले मासे हेच कारण मानले जाते. मासा दुकानदाराला किंवा दुसऱ्या पाळणाऱ्याला द्यावा आणि देताना त्याचा आजार लपवू नये.

२०. माशाचा आजार माणसाला होतो का?

वरील परजीवी माणसाला होत नाहीत. मायकोबॅक्टेरियम मरिनम हा जीवाणू मात्र हातावरील कापलेल्या जागेतून शिरतो आणि काही आठवड्यांनी तेथे न भरणारी, लालसर गाठ उठते. हातावर जखम असेल तर लांब हातमोज्यांशिवाय टाकीत हात घालू नये, आणि अशी गाठ आल्यास डॉक्टरांना मत्स्यटाकीचा उल्लेख आवर्जून करावा, कारण एरवी ते निदान सुचत नाही. आजारी लायनफिश हाताळताना काटा बोचला, तर तो भाग सोसेल एवढ्या, सुमारे ४५ अंशांच्या, गरम पाण्यात तीस ते नव्वद मिनिटे बुडवावा. पाण्याची ऊब दुसऱ्या हाताने तपासावी, कारण बोचलेला हात बधिर झालेला असू शकतो. श्वास लागला किंवा सूज वर चढू लागली तर थेट रुग्णालय गाठावे.